जपानी शिकून जपानला जायचंय? मग कॅलेंडर उलटं वाचा

"एन-५ देऊ की थेट एन-४?" जपानी शिकायला लागलेली मुलं पहिल्या भेटीत बहुधा हेच विचारतात. (एन-५ ते एन-१ या जपानीच्या परीक्षेच्या पातळ्या; एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड.) मी त्यावर विचारते, "पुढे काम काय करायचंय?" मग थोडा वेळ शांतता. कुणी म्हणतं, "जपानमध्ये काहीतरी." कुणी म्हणतं, "जपानीला स्कोप आहे ना?" आहे. पण नुसती भाषा येते म्हणून नोकरी देणारी ठिकाणं थोडी. जपानी येणारा इंजिनिअर, जपानी येणारी परिचारिका, जपानी येणारा हिशेबनीस अशी माणसं त्यांना हवी असतात.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगते. बारावीनंतर मी जपानमधल्या भाषाशाळेत गेले, जानेवारीच्या तुकडीत. तिथल्या विद्यापीठात जपानीतून पदवीला जायचं तर बहुतेक ठिकाणी ईजेयू नावाची परीक्षा द्यावी लागते, हे मला पाठवणाऱ्या एजंटने सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एप्रिलमध्ये वर्गातल्या मुलींकडून कळलं, तोवर जूनच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत संपली होती. नोव्हेंबरची परीक्षा दिली, पण मला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला जूनचेच गुण चालत होते. एक वर्ष गेलं. म्हणून आता मी सगळ्यांना उलटीकडून मोजायला लावते: आधी काम, मग व्हिसा, मग शिक्षण, मग भाषेची पातळी आणि शेवटी आजची तारीख.

पायरी पहिली: कामाचं नाव एका ओळीत लिहा

ऑफिसात बसून करायच्या बहुतेक नोकऱ्या (सॉफ्टवेअर, यंत्रांचं आरेखन, विक्री, अनुवाद, मार्केटिंग) एकाच व्हिसात मोडतात. त्याचं नाव लांबलचक आहे, 'गिजुत्सु, जिम्बुन चिशिकी, कोकुसाइ ग्योमु'. तिथले परदेशी त्याला नुसतं 'गिजिनकोकु' म्हणतात. यात आधी पदवी बघतात. विद्यापीठाची पदवी चालते, जपानमधल्या सेम्मोन गाक्को म्हणजे व्यावसायिक महाविद्यालयाची पदविकाही चालते. तुम्ही काय शिकलात आणि काम काय करणार, यांचा मेळ लागतो; सेम्मोन गाक्कोवाल्यांच्या बाबतीत हा मेळ जास्त कडकपणे तपासतात. स्वयंपाकाची पदविका घेऊन कोडिंगच्या नोकरीसाठी अर्ज केलात, तर तो नाकारला जाणार. भाषेचं म्हणाल तर कंपन्या साधारण एन-२ मागतात. सॉफ्टवेअरमध्ये हात चांगला असेल तर एन-३ वरही दार उघडतं, पण आत गेल्यावर बैठका जपानीतच होतात.

दुसरा रस्ता 'तोकुतेइ गिनो' या व्हिसाचा. २०१९ मध्ये सुरू झालेला हा व्हिसा वृद्धांची शुश्रूषा, हॉटेल, खाद्यसेवा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी आहे. त्याला पदवी लागत नाही. त्या कामाची कौशल्य परीक्षा आणि जपानीची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. शुश्रूषेसाठी त्या क्षेत्राच्या जपानीची एक वेगळी परीक्षाही आहे. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. पुढच्या टप्प्यात गेलात तर नेता येतं. लवकर कमवायला लागणं हाच हेतू असेल तर हा रस्ता सरळ आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. 'विद्यार्थी म्हणून जाऊ आणि तिथे कमवू' हा बेत मात्र डोक्यातून काढून टाका. त्याचं गणित पुढे मांडलंय. १९९३ पासून चालत आलेली 'गिनो जिश्शू' ही प्रशिक्षणार्थी योजना आता मोडीत निघते आहे. २०२७ पासून तिच्या जागी 'इकुसेइ शूरो' येते. कुणी जुन्या योजनेची स्वप्नं विकायला आलं तर तारीख विचारा.

संशोधनात जायचं असेल तर इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी करता येते. मग जपानी दुकानापुरती, घरमालकापुरती आणि प्रयोगशाळेतल्या गप्पांपुरती पुरते. ती तेवढी तरी हवीच, नाहीतर दोन वर्षं एकट्याने जेवाल.

पायरी दुसरी: भाषेला सुरुवात, आणि मराठीचा फायदा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या हातात एक हुकुमाचं पान असतं आणि ते त्याला कुणी दाखवत नाही.

जपानीची मुळाक्षरं 'गोजूओन' नावाच्या तक्त्यात मांडलेली असतात. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी येतात क, स, त, न, ह, म, य, र, व अशा. आता आपली मुळाक्षरं आठवा: क, च, त, न, प, म, य, र, व. 'स'च्या जागी पूर्वी 'च'च्या जवळचा आणि 'ह'च्या जागी 'प' उच्चार होता, असं भाषाअभ्यासक मानतात. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून वर्णमालेचा क्रम तिकडे पोचला. त्यामुळे जपानी शब्दकोशात शब्द शोधताना पानं कुठल्या दिशेने उलटायची, हे तुमच्या बोटांना आधीच ठाऊक असतं.

वाक्यरचनेतही तसंच. क्रियापद शेवटी आणि विभक्तीचं काम शब्दाच्या मागे. 'टोकियोला' म्हणजे 'तोक्यो नि', 'टोकियोपासून' म्हणजे 'तोक्यो कारा', 'पर्यंत' म्हणजे 'मादे'. माझा-माझी-माझं या तिन्हींना एकच 'वाताशी नो'. लिंगाची भानगडच नाही. 'मला जपानी समजतं' हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला विचित्र वाटतं, कारण तिथे 'मी समजतो' म्हणतात. आपल्याकडे समजणारी गोष्ट कर्ता होऊन बसते, जपानीतही तिलाच 'गा' लागतो: 'निहोंगो गा वाकारिमासु'.

खरी गंमत क्रियापदाच्या 'ते' रूपाची. वर्गात हे रूप आलं की निम्मे विद्यार्थी घाबरतात. मराठीतलं 'करून-खाऊन'मधलं 'ऊन' आठवा, की झालं:

'मादो ओ आकेते ओकु'. मादो म्हणजे खिडकी, 'ओ' कर्माचा प्रत्यय, आकेते म्हणजे उघडून, ओकु म्हणजे ठेवणे. खिडकी उघडून ठेवणे. पुढच्या सोयीसाठी आधीच करून ठेवणं, ही अर्थाची छटासुद्धा तीच.

'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. इथे 'मिरु' हे डोळ्यांनी बघण्याचंच क्रियापद आहे, आपल्यासारखंच. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं, आणि त्यात आपल्या 'करून बसले'मधली हळहळही येते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असेल तर या तीन रूपांवर तीन स्वतंत्र धडे असतात. तुम्ही वहीत समासात मराठी लिहा आणि पुढे जा.

आता मराठीचा तोटा. सुरुवातीला सगळे जण जपानी शब्द देवनागरीत लिहून घेतात, आणि तिथेच फसतात. 'कोको' म्हणजे इथे. दोन्ही 'ओ' लांबवून म्हटलं की ते हायस्कूल होतं. देवनागरीत दोन्ही 'कोको'च दिसतात. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, 'बा' लांबवला की आजी. चाळिशीतल्या बाईंना आजी म्हणून हाक मारलीत तर त्या काही बोलणार नाहीत, फक्त पुढच्या वेळी खाऊ देणार नाहीत. म्हणून देवनागरीचा आधार दोन आठवड्यांत सोडा. जपानीच्या दोन अक्षरलिप्यांपैकी हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाचीही तेवढीच. रोज पाऊण तास बसलात तर दोन आठवडे पुरतात. जोडाक्षरांचा मात्र आपल्याला त्रास नाही. 'किते' म्हणजे 'ये' आणि 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट, हा फरक पता-पत्ता म्हणणाऱ्याला सांगावा लागत नाही.

कांजी, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थाच्या खुणा, ही खरी चढण. सरकारी यादीत रोजच्या वापराच्या २,१३६ कांजी आहेत आणि एकेकीचे उच्चार अनेक. जगणं-जन्मणं या अर्थाची एकच खूण गाकुसेइ (विद्यार्थी) मध्ये 'सेइ' होते, इश्शो (आयुष्यभर) मध्ये 'शो', इकिरु (जगणे) मध्ये 'इ', उमारेरु (जन्मणे) मध्ये 'उ' आणि नामातामागो (कच्चं अंडं) मध्ये 'नामा'. उच्चारांचे तक्ते पाठ करू नका, ते टिकत नाहीत. शब्द पाठ करा, कांजी त्यांच्या पाठीवर बसून येतात. रोज दहा शब्द, आणि कालचे दहा आधी. अंकीसारखं उजळणीचं ॲप फोनवर घाला. ऐकण्या-वाचण्यासाठी एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या आणि जपान फाउंडेशनचं 'मिनातो' हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. तिथले बरेच अभ्यासक्रम फुकट आहेत. एवढं साहित्य पहिल्या वर्षाला पुरून उरतं. आणखी ॲप गोळा करणं हा अभ्यास टाळायचा एक प्रकार आहे.

पायरी तिसरी: परीक्षा कुठली, कधी

जेएलपीटी म्हणजे एन-५ ते एन-१ ची परीक्षा. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. जुलैचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात, जागा लवकर भरतात. निकालाला पावणेदोन-दोन महिने धरा. एकूण १८० गुण. पास व्हायला एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० लागतात. शिवाय दर विभागात किमान गुण असतात. वाचनात ५५ आणि ऐकण्यात १८ मिळाले तर तुम्ही नापास, कारण तिथे १९ हवेत. मराठी मुलं ऐकण्यात सहसा पुढे आणि वाचनात मागे असतात, असा माझा अनुभव आहे; त्यामुळे वेळ लावून वाचनाचा सराव एन-३ पासूनच करा.

२०१० च्या आधीच्या जुन्या परीक्षेत तासांचा अंदाज दिलेला असायचा: सगळ्यात सोप्या पातळीला १५०, त्यावरचीला ३००, मग ६०० आणि शेवटी ९००. कांजी नव्याने शिकणाऱ्याने यातले वरचे दोन आकडे दुप्पट धरावेत. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड तास दिला तर शून्यापासून एन-४ ला एक वर्ष, आणि एन-२ पर्यंत तीनेक वर्षं. सहा महिन्यांत एन-२ करून देतो म्हणणाऱ्याकडून विनाकारण चहाही घेऊ नका.

जेएलपीटीत बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं, नुसती वर्तुळं भरायची असतात. मी प्रमाणपत्र घेऊन गेले आणि तिथल्या वॉर्ड ऑफिसात पत्त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर अडकले. 'सेताइनुशी' असा एक रकाना होता. खिडकीमागच्या बाई तीनदा म्हणाल्या, मी तीनदा मान हलवली. शेवटी त्यांनी कागदावर घर काढलं, आत एक माणूस काढला आणि माझ्याकडे बोट केलं. शब्दाचा अर्थ कुटुंबप्रमुख. मी १९ वर्षांची, सहा फुटी खोलीत एकटी, आणि सरकारदरबारी कुटुंबप्रमुख. तेव्हापासून मी सांगते, परीक्षेच्या जोडीला आठवड्यातून दोनदा माणसाशी बोला, आणि नाव, पत्ता, जन्मतारीख, कारण असे फॉर्मवरचे शब्द वेगळे शिका.

ईजेयू ही वेगळी परीक्षा. परदेशी विद्यार्थ्यांच्या पदवी प्रवेशासाठी जासो ही संस्था ती जून आणि नोव्हेंबरमध्ये घेते. जपानी, गणित, विज्ञान आणि 'जपान व जग' असे विषय; कुठले द्यायचे ते विद्यापीठ सांगतं. जपानीच्या पेपरात निबंधही असतो.

पायरी चौथी: जायचे रस्ते

*भाषाशाळा.* एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी अशा तुकड्या असतात आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. १२ वर्षांचं शालेय शिक्षण लागतं आणि साधारण १५० तासांच्या अभ्यासाचा किंवा एन-५ चा पुरावा मागतात. ऑक्टोबरच्या तुकडीचे अर्ज त्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या सुमारास बंद होतात, एप्रिलच्या तुकडीचे आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. शाळा निवडताना दोन गोष्टी बघा. एक, ती नव्या कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे का? एप्रिल २०२४ पासून सरकारने भाषाशाळांसाठी नवी मान्यता पद्धत आणली आहे आणि जुन्या शाळांना बदलायला २०२९ पर्यंत मुदत आहे. दुसरं, मागच्या वर्षी तिथली मुलं पुढे कुठे गेली? हा आकडा शाळेने सांगायलाच हवा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

*विद्यापीठ, जपानीतून.* ईजेयू, विद्यापीठाची मुलाखत आणि बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र लेखी परीक्षा.

*विद्यापीठ, इंग्रजीतून.* बेप्पूचं रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ, अकिताचं आंतरराष्ट्रीय विद्यापीठ, टोकियोत वासेदा आणि सोफिया यांच्याकडे असे अभ्यासक्रम आहेत. सोय मोठी, पण एक धोका: चार वर्षं इंग्रजीत काढून नोकरी शोधायला गेलात की कंपनी जपानीतच बोलते.

*मेक्स्ट शिष्यवृत्ती.* जपानच्या शिक्षण मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती १९५४ पासून आहे. फी माफ, विमानाचं तिकीट आणि महिन्याला भत्ता, पदवीसाठी तो १,१७,००० येन. पदवीच्या शिष्यवृत्तीत पहिलं एक वर्ष भाषेचं धरून एकूण ५ वर्षं मिळतात. दूतावासामार्फत आणि विद्यापीठामार्फत अशा दोन वाटा आहेत. दूतावासाची जाहिरात उन्हाळ्यात येते आणि मुदत थोडी असते, तेव्हा गुणपत्रकं, शिफारसपत्रं आधीच काढून ठेवा. (ओकु!) पदव्युत्तर संशोधनासाठी भाषेपेक्षा संशोधनाच्या आराखड्याला वजन असतं.

इथे एक खाचखळगा. जपानमध्ये पदव्युत्तर प्रवेशाला १६ वर्षांचं शिक्षण धरतात. आपली तीन वर्षांची पदवी धरून १५ होतात. बरीच विद्यापीठं अशा उमेदवाराची पात्रता स्वतंत्रपणे तपासून प्रवेश देतात, पण त्या तपासणीची मुदत मुख्य अर्जाच्या आधी असते. आधी ईमेल लिहा, मग अर्ज भरा. व्हिसाच्या दृष्टीने मात्र तीन वर्षांची पदवी ही पदवीच.

पायरी पाचवी: पैशाचं गणित

राष्ट्रीय विद्यापीठाची ठरलेली वार्षिक फी ५,३५,८०० येन आणि एकदाच भरायची प्रवेश फी २,८२,००० येन. काहींनी ती वाढवली आहे. टोकियो विद्यापीठाची २०२५ पासून पदवीला नव्याने येणाऱ्यांसाठी ६,४२,९६० येन झाली. खाजगी विद्यापीठ याहून बरंच महाग. भाषाशाळेला वर्षाला सात-आठ लाख येन धरा. घर भाड्याने घेताना अनामत (शिकिकिन), घरमालकाला कायमची द्यायची भेट (रेइकिन), हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि पहिलं भाडं, असे चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे एकदम जाऊ शकतात. पहिलं वर्ष वसतिगृहात काढा.

आता ते 'तिथे कमवू'. विद्यार्थ्याला वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन. २८ गुणिले ४ गुणिले १,२२६ म्हणजे महिन्याला सुमारे १,३७,००० येन. कागदावर बरं दिसतं. पण पहिले दोन-तीन महिने काम मिळत नाही, कारण बोलता येत नाही. परीक्षेच्या महिन्यात तास कमी होतात. आणि टोकियोबाहेर दर कमी. या पैशात जेवण, भाडं आणि फोन भागतो, ओढूनताणून. फी भागत नाही. ती भागवायला लोक २८ च्या वर जातात आणि व्हिसाच्या नूतनीकरणाला अडकतात, कारण पगाराच्या नोंदी करखात्याकडे असतात. म्हणून निदान पहिल्या वर्षाची पूर्ण फी आणि सहा महिन्यांचा खर्च हातात असेल तरच निघा.

खर्च उचलणाऱ्या पालकांच्या बँकेचे कागद इमिग्रेशनला लागतात. नुसती शिल्लक दाखवून भागत नाही, ती कशी जमली तेही बघतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणा काकांनी मोठी रक्कम टाकली तर प्रश्न येणारच. सगळं पटलं की शाळेमार्फत पात्रता प्रमाणपत्र येतं. ते ३ महिने चालतं, तेवढ्यात व्हिसा घेऊन जपानमध्ये उतरायचं.

पायरी सहावी: पोचल्यावरचे १४ दिवस

नारिता, हानेदा किंवा कान्साइ अशा मोठ्या विमानतळावर निवासी कार्ड हातात मिळतं. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा फॉर्म तिथेच द्या, नंतर हेलपाटे पडतात. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमा काढायचा (मग दवाखान्यात बिलाच्या ३० टक्केच भरता), आणि वय २० च्या पुढे असेल तर पेन्शनच्या खिडकीवर विद्यार्थ्यांची सवलत मागायची. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, घरी बिल येतं. वर्गातली हजेरी पहिल्या दिवसापासून सांभाळा. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी ती समोर येते.

पायरी सातवी: शूकात्सु, म्हणजे नोकरीचा शोध

जपानमध्ये नोकरी पदवीनंतर शोधत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप, त्या वर्षाच्या शेवटी १ मार्चला कंपन्यांच्या भरतीची माहिती खुली, चौथ्या वर्षी १ जूनला निवड, १ ऑक्टोबरला औपचारिक नेमणूक, आणि पुढच्या १ एप्रिलला सगळे एकाच दिवशी रुजू. बऱ्याच कंपन्या याच्या आधीच मुलं हेरून ठेवतात. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तर पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच हे सुरू होतं, सामान पुरतं उघडायच्या आत. कंपनीगणिक 'एंट्री शीट' म्हणजे स्वतःवरचे छोटे निबंध, मग एसपीआय ही भाषा-गणिताची चाळणी, मग तीन-चार मुलाखती. एसपीआयचं गणित सोपं असतं, पण प्रश्न जपानीत आणि वेळ अगदी थोडा.

आदरार्थी भाषा, केइगो, इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागते. आपल्यालाही तू-तुम्ही-आपण असल्यामुळे मला वाटलं होतं, हे आपल्याला जमेल. नागोयाजवळच्या पहिल्या नोकरीत दुसऱ्याच आठवड्यात फोन उचलला. बाहेरच्या कंपनीचा माणूस आमच्या विभागप्रमुखांना विचारत होता. मी आदराने नावापुढे 'सान' लावून सांगितलं की ते बाहेर गेले आहेत. शेजारची ताई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मराठीत 'साहेब बाहेर गेलेत' म्हणणं बरोबर. जपानीत बाहेरच्याशी बोलताना आपला साहेबही आपल्याच घरातला, त्यामुळे त्याचं नाव बिनआदराचं आणि क्रियापद नम्रतेचं. आपण पाहुण्यांसमोर स्वतःच्या मुलाचं 'गेलाय कुठेतरी' म्हणतो ना, तसं साहेबाचं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं केइगो बसतं.

पदवी झाली आणि नोकरी नाही मिळाली, तर शाळेच्या शिफारशीवर शोधासाठी ६ महिन्यांचा व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवता येतो. पुढे उच्च कौशल्याच्या व्हिसासाठी गुण मोजतात तेव्हा एन-१ चे १५ आणि एन-२ चे १० गुण मिळतात. ७० गुण झाले तर कायम निवासाचा अर्ज एरवीच्या १० ऐवजी ३ वर्षांत करता येतो, ८० झाले तर एकाच वर्षात. तेव्हा नोकरी लागली म्हणून एन-१ सोडून देऊ नका.

आता उलटं मोजू

समजा, २०२६ मध्ये बारावी झालेल्या एखादीला जपानमध्येच पदवी घेऊन तिथल्या कंपनीत लागायचंय. रुजू होण्याची तारीख १ एप्रिल २०३३. नेमणूक ऑक्टोबर २०३२, निवड जून २०३२, माहिती खुली मार्च २०३२, इंटर्नशिप २०३१ चा उन्हाळा. तोवर एन-२ पक्की आणि एन-१ चा प्रयत्न सुरू हवा. विद्यापीठ सुरू एप्रिल २०२९. त्याचे अर्ज २०२८ च्या शरद ऋतूपासून, म्हणजे ईजेयू जून २०२८ ची, आणि नोव्हेंबरची हाताशी. जूनच्या ईजेयूचा अर्ज त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. ही ओळ मी तिला लाल पेनने लिहायला लावते. त्याआधी भाषाशाळा, ऑक्टोबर २०२७ ची तुकडी, दीड वर्षाची. तिचा अर्ज एप्रिल २०२७ पर्यंत. त्यासोबत भाषेचा पुरावा, म्हणजे डिसेंबर २०२६ ची एन-५, जिचा निकाल जानेवारीच्या अखेरीस हातात पडतो. तिचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबर २०२६ मध्ये. आणि त्या परीक्षेला १५० तास, रोज दीड तासाने साधारण साडेतीन महिने, आजारपण आणि सणवार धरून पाच.

म्हणजे जुलैत वही उघडायची आणि पहिल्या पानावर पाच अक्षरं काढायची: अ, इ, उ, ए, ओ.